तळ्याअलीकडचं वळण

प्रिय वहिनी,

हा कागद तुमच्या हाती पडणार नाही, म्हणूनच लिहवतंय. दादाचं विमान टेकडीवर आदळलं तेव्हा टॉवरवर मीच होतो. चौकशीत सगळं सांगून झालं, तुमच्यासमोर मात्र जीभ रेटत नाही.

ढग असले की वैमानिकाने उतरताना तळ्यापर्यंत जायचं आणि मगच वळायचं, असा छापील नियम आहे. टेकडी टाळण्यासाठीच तो केलाय. दादा तळ्याच्या अलीकडेच वळायचा. सहा मिनिटं वाचायची, आणि छकुलीची शाळा सुटायच्या आत तो फाटकाशी हजर व्हायचा.

असं कोणी वळलं की मी लेखी कळवायचं असतं. बाकीच्यांचं कळवलं. थोरल्या भावाचं नाव लिहायला हात धजेना. घरी नुसतं म्हणायचो, "दादा, पुरे आता." तो हसून पाठीत धपाटा घालायचा.

त्या दिवशी टेकडी ढगात बुडाली होती. तो म्हणाला, "वळतोय रे."

मी म्हणालो, "बरं."

काल डबा हातात देताना तुम्ही म्हणालात, "भावोजी, टॉवरवर तुम्ही असायचात, म्हणून मला कधी घोर नव्हता."

तो डबा मी अजून उघडलेला नाही.

तुमचा
धाकटा दीर