चौकोनांच्या जागी अक्षरं

जयपूर, मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६

सुटले एकदाची! इथल्या सोडाला भागातल्या शर्माजींच्या रजयांच्या दुकानाची वेबसाइट हौसेने अंगावर घेतली, आणि हिंदी मजकुराच्या जागी नुसते चौकोन. आठवडाभर तेच चौकोन! यांच्या बदलीपायी नागपूरची नोकरी सोडली, आता हेही जमणार नाही का?

आज सायबर कॅफेत शोधताना कुणा शिक्षकाने फुकट ठेवलेले धडे सापडले. युनिकोडमध्ये टाइप करायचं आणि पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला तसं सांगणारी एक ओळ घालायची, इतकंच! शर्माजींना लगेच बोलावलं. पडद्यावर स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मॅडमजी, अब मेरे भाई की दुकान का भी बना दीजिए।"

जेवताना यांना सांगितलं, "मला आता इथे काम आहे."