ऐकून झिजत नाही

बेंबळी, मंगळवार संध्याकाळ

अण्णांच्या लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी डिस्क, गच्च भरली होती, म्हणून आज मोठी बसवली. "थोडी जागा मोकळी ठेवा, सारखं भरणं-पुसणं नको, झिजते ती," मी बजावलं. मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं.

नव्या डिस्कवर सगळं आलं का बघायला आईच्या आवाजाची फाईल उघडणार, तर अण्णांनी हात धरला. "नगं गं, झिजंल. कॅसेट झिजायची तशी. म्या वर्षातून एकदाच ऐकतो."

आई जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे तीनदाच? माझ्या अर्धवट सांगण्यापायी?

"अण्णा, भरून-पुसून झिजते ती. ऐकून नाही."

"व्हय?"

मग आई पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली, "जेवायला या, भाकर निवायलीय." आणि अण्णा दर वेळी म्हणाले, "आलो."