कठड्याचं माप

३ सप्टेंबर
पोचले एकदाची! प्लोवदिवच्या रुग्णालयापासूनची सगळी वळणं मागच्या सीटवर आडवं पडून, मांड्यांमध्ये उशी धरून काढली. दोन्का आत्या फाटकातच उभी होती. तिचं घर बैठं आहे म्हणून इथे आले. माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

डाव्या खुब्याचा सांधा बदलून पाच दिवस झाले. तो जन्मापासून निखळलेला. लहानपणी तीन वर्षं प्लास्टरमध्ये गेली, तेव्हा बाबांनीच घरी लिहायला शिकवलं. रोज एक पान, आणि त्यात एक अक्षरही खोटं नको. आता सव्विसाव्या वर्षी नवा खुबा. आत्या म्हणाली, गावातल्या म्हाताऱ्या माझ्यावर जळणार. त्यांना हे सुख सत्तरीशिवाय मिळत नाही.

नियम लिहून पलंगाशी चिकटवले. कमरेतून नव्वद अंशांच्या पुढे वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. कुशीवर झोपायचं नाही. १५ ऑक्टोबरला तपासणी. सगळं ठीक असलं तर कुबड्या सुटतील आणि मी माझ्या घरी जाईन.

५ सप्टेंबर
दारापुढच्या तीन पायऱ्या मला उतरता येत नाहीत. म्हणून आत्याने मांचो गवंड्याला बोलावून दगडी उतार बांधायला काढला आहे. जमीन भुसभुशीत, परवा आणि काल, दोन्ही वेळा तळचा दगड खचला. मांचोकाका मातीला शिव्या घालत होते. आत्या म्हणाली, माती नाही रे, तूच खचलायस.

दुपारी त्यांनी मला कुबड्यांवर अंगणात उभं केलं आणि तळहातापासून जमिनीपर्यंत सुतळीने माप घेतलं. कठड्यासाठी. मी अजिबात हलले नाही. नंतर ते आत्याला घेऊन कोपऱ्यात गेले, बराच वेळ कुजबुजत होते. संध्याकाळी तळचा दगड पुन्हा बसवला. या वेळी हलला नाही.

१० सप्टेंबर
उतार तयार. सुरेख झालाय. फक्त कठडा उंच आहे, चांगला छातीशी येतो. हात वर करून धरावा लागतो, खांदा भरून येतो. सांगावं का? पण मांचोकाकांनी मजुरी घेतलेली नाही, वर अक्रोड देऊन गेले. नाहीच सांगितलं.

आत्या अंगणात मिरच्या भाजते. मी उंच खुर्चीवर बसून सोलते. एक मिरची खाली पडली. मी तिच्याकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने आत्या आली, तेव्हा तिने उचलली. मोजे ती चढवते, पोटात इंजेक्शन ती टोचते. दर वेळी मी माफी मागते. आज म्हणाली, पुन्हा माफी मागितलीस तर सुई वाकडी टोचीन.

मांडीवर तळहाताएवढा भाग बधिर आहे. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं.

१९ सप्टेंबर
बधिरपणा गुडघ्यापर्यंत आला. रुग्णालयात फोन केला. व्यायाम चालू ठेवा म्हणाले. रोज तीनदा करते, आकडा चुकला तर पहिल्यापासून.

आत्या कपाट आवरते आहे. काळा पोशाख, नवे मोजे, रुमाल, मेणबत्ती असं सगळं पिशवीत भरून तिने पलंगाखाली ठेवलं. इथल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची अशी मरणाची पिशवी तयार असते. पण तिने ती इस्त्री करून भरली, गुणगुणत.

२७ सप्टेंबर
मांचोकाका विसरलेला ओळंबा न्यायला आले. आत्या दुकानात गेली होती. रुमालाने मान पुसत ते म्हणाले, आत्यासारखी बाई होणे नाही. मी विचारलं, का? मग सगळं बोलून गेले.

बांधकाम टिकत नाही तेव्हा माणसाच्या सावलीचं माप घेतात. सुतळी तळच्या दगडाखाली ठेवतात. मग बांधकाम उभं राहतं, आणि ज्याचं माप, तो चाळीस दिवसांत जातो आणि मरून तिथेच राखणीला राहतो. लहानपणी मीही ऐकलं होतं. त्यांनी आत्याला माणसाऐवजी कोंबडा दे म्हटलं होतं. आत्या म्हणाली, कोंबड्याच्या भरवशावर माझी पोर चालवायची होय? घे माझी सावली, एकाहत्तर वर्षं वापरलीय, जुनीच आहे.

मला हसू आलं. मग मी कठड्याकडे बघितलं.

मी विचारलं, दोन्ही सुतळ्या सारख्याच होत्या का? हो म्हणाले, एकाच गुंडाळीतल्या. मी विचारलं, दगड फोडून सुतळी काढली तर? मान हलवली. जो काढील, ती त्याच्यावर जाते.

त्यांना बाकी काही कळलं नाही. ओळंबा घेऊन गेले.

२८ सप्टेंबर
शिवणाची टेप घेतली. कठडा एकशे नऊ सेंटिमीटर. माझा तळहात जमिनीपासून ब्याऐंशी. आत्या धुणं वाळत घालत होती, दुपार होती. तिची सावली फरशीवर पडली. चार फरश्या आणि वर थोडी. फरशी मोजली. सावली कठड्यापेक्षा दोन-चार सेंटिमीटरच जास्त आली. दिवस कलत चालले आहेत.

म्हणजे कठड्याला तिची सुतळी लागली. दगडाखाली माझी.

हे मूर्खपणाचं आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही. ५ तारखेपासून चाळिसावा दिवस १४ ऑक्टोबर. तीनदा मोजलं.

३ ऑक्टोबर
कंबर नाही. म्हणजे आहे, पण कळत नाही. इंजेक्शन कधी टोचलं ते आत्याने सांगितलं. भीतीही फारशी वाटत नाही. ती कुठे तरी खाली राहिली आहे, पडलेल्या मिरचीसारखी.

आत्याला सांगितलं तर ती त्याच क्षणी कुदळ घेईल.

मी स्वतः काढली तर ती माझ्यावरच — म्हणजे आहे तेच. आणि वाकता येत नाही.

९ ऑक्टोबर
आज आत्या चिडचिडी होती. पस्तीस दिवस झाले, साधी शिंकही आली नाही, असं पुटपुटली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग तिने उतारावर उभं राहून कठड्यावर हात ठेवला. बराच वेळ. वळून विचारलं, रुमेना, हा तुला उंच होतो का गं?

मी म्हटलं, नाही. मीच मांचोकाकांना उंच करायला सांगितलं. टेकायला बरा पडतो.

हे खोटं आहे.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी लहानपणापासून तिच्याशी खोटं बोललेली नाही, हे तिला माहीत आहे. तिने विश्वास ठेवला. म्हणाली, मग ठीक. आणि बरं वाटल्यासारखी आत जाऊन शेंगांचं सूप ढवळायला लागली.

१२ ऑक्टोबर
डावा हात. कठड्यावर ठेवला तरी दगड लागत नाही.

आत्याने टॅक्सी सांगितली. परवा माझ्यासाठी चीज भरलेली बनित्सा करणार, १५ ला वाटेत खायला. घरी गेलीस की फोन करत जा, म्हणाली. मग थांबली. म्हणाली, तशी गरज लागणार नाही म्हणा —

पुढे हसली.

१३ ऑक्टोबर
काल रात्रीपासून गिळलेलं कळत नाही. आत्याचे गाल लाल. म्हणते, भूक फार लागते हल्ली. तिला काही होणार नाही. एवढं —

१४ ऑक्टोबर
सकाळ. कुबड्या पलंगाशीच राहिल्या. मी उतारावर आहे. चालत आले. दुखत नाही. लंगडत नाही.

आत्या कॉफी घेऊन खोलीत गेली. हाक मारली. मी म्हटलं, आत्या, बाहेर आहे, बघ, चालते आहे.

ती पुन्हा हाक मारते आहे. पलंगाकडे वाकून. कप पडला.

मी ओरडले. तिला —

तिच्याकडे जायला निघाले. उंबऱ्यापर्यंत. पुढे नाही. फाटकाकडे वळले. उताराच्या शेवटच्या दगडापर्यंत पाय येतो, त्याच्यापुढे