आजोबांची तीनचाकी चढ चढेना

कुस्कोक्विमकाठ,
५ जुलै १९८८

चि. ओकालीनाला आजीचे पोटभर आशीर्वाद, आणि पोटातल्यालाही त्यातला वाटा.

वि. वि. इकडे आम्ही धडधाकट. नदीत सामन मासा उतरला, चिरून धुराच्या खोपटात टांगला. कागदावर डाग दिसेल तो माशाचा आहे, रडल्याचा समजू नकोस. शेजारच्या अगाफियाच्या सुनेने नवा स्टोव्ह आणला आणि पहिल्याच दिवशी त्यावर मोजे जाळले. तुला आठवा लागला ना? पाय सुजत असतील तर उशीवर ठेवून नीज.

आता कामाचं. आजोबा हिवाळ्यात गेले, त्यानंतर आपल्या घरात येणारं पहिलं मूल तुझंच. अंगाल्गाक हे त्यांचं नाव कुणासाठी थांबलंय ते मी तुला वेगळं सांगायला नको. नाव आलं की माणूस परत आला, म्हणून बाळाला घेऊन इकडे ये. मग त्यांच्या जेवणाला आकुतक हवंच, आणि त्यासाठी चरबीत घोळायला त्यांना फळं लागत ती लांबच्या टेकाडापलीकडचीच, केशरी, दांडग्या दाण्याची. गावाजवळची फळं त्यांना पाणचट लागायची, हे तुला माहीत आहे.

पण आजोबांची तीनचाकी टेकाड चढत नाही. इंजिन बोंबलतं आणि चाकं आळसावतात. वसंतात त्यांचे मामेभाऊ, आपले वासिलीभावोजी, ती सीलच्या शिकारीला घेऊन गेले होते. परत देताना तेलसुद्धा भरून दिलं, तेवढा चांगुलपणा आहे त्यांच्यात. आता म्हणतात कसे, वहिनी, गाडी मालकावर गेलीय, आवाज फार आणि पुढे सरकणं कमी. मी म्हटलं, तुमच्याकडे तर आवाजच आहे, चाकं कुठायत? फळं महिनाअखेर गळून जातील. आजोबांनी यंत्र शिकवलं ते तुला एकटीला, म्हणून विचारते.

माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी आजी नास्तासिया


अँकरेज,
११ जुलै १९८८

ती. आजीला ओकालीनाचा वाकून नमस्कार. सध्या वाकता येत नाही, म्हणून मनातून.

पत्र वाचून हसले, मग तुझ्या नातजावयाने, रॉनने, विचारलं काय झालं म्हणून, तर सांगता येईना.

हा क्लच घसरतोय आजी. आधी साखळी बघ, ढिली होऊन दाते चुकवत नाही ना. ती ठीक असेल तर इंजिनाच्या उजव्या झाकणावर बघ. मधे एक स्क्रू आहे आणि त्याभोवती नट. नट सैल कर. स्क्रू अगदी हळू फिरव, जड लागला की थांब, तिथून किंचित मागे आण. मग स्क्रू हलू न देता नट आवळ. आजोबा माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे, म्हणायचे, जोर मनगटात नको, कानात ठेव. नट फार आवळलास तर पलीकडच्या गावातूनही त्यांना कळतं असं मला वाटायचं.

नावाचं मी आत्ता लिहीत नाही. रागावू नकोस.

तुझ्या धाकात राहू इच्छिणारी,
ओकालीना


कुस्कोक्विमकाठ,
१७ जुलै १९८८

चि. ओकालीनाला आशीर्वाद, उशीवर पाय ठेवून वाच.

साखळी ठीक निघाली. मग तुझं पत्र सीटवर दगडाखाली ठेवलं, मी वाचत गेले आणि वासिलीभावोजी करत गेले. आधी म्हणाले, पोरीच्या पत्रावरून मी यंत्र उघडू? मी म्हटलं, नका उघडू, टेकाड चढून दाखवा. मुकाट्याने पाना घेतला. नट आवळताना मी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, तर दचकले. पान्यावरचा जोर मात्र कमी केला.

पण उपयोग नाही गं. टेकाडाच्या अर्ध्यात इंजिन ओरडायला लागलं आणि मी तिथल्या तिथे. गुडघेदुखीवाली अगाफिया टोपली घेऊन पायी माझ्या पुढे गेली, वर हात हलवून गेली. भावोजी म्हणतात, आतल्या चकत्या झिजल्या, विमानाने नव्या मागवा. त्या येईपर्यंत टेकाडावर बर्फ पडेल.

त्यात गावातली कुत्री. कधी नव्हे ती तीनचाकीच्या मागे लागतात. उभी केली की इंजिनाला नाक लावतात, पांढऱ्या कुत्रीने तर ते चाटलं आणि जीभ भाजून घेतली. मी दांडकं घेऊन बसते. आजोबांना कुत्र्यांचा फार लळा होता, तीच आठवण काढत असतील असं मनाला वाटतं. असो, म्हातारीचं मन.

नावाचं लिहीत नाहीस. मी रागावत नाही, वाट बघते. त्याला मनाई करू नकोस.

आजी


अँकरेज,
२२ जुलै १९८८

ती. आजी, नमस्कार, घाईत.

कुत्री! आजी, इंजिनात तेल भरायचं झाकण उघड आणि आतल्या काडीचा वास घे. वासिलीआजोबांना विचार, वसंतात तेल कुठल्या डब्यातून भरलं. त्या क्लचच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात, तेल चुकीचं असलं तर त्या एकमेकींना धरत नाहीत. इंजिन गरम करून सगळं तेल काढ. दुकानातलं साधं इंजिनाचं तेल भर, थोडं चालव, तेही काढून टाक, आणि पुन्हा नवं भर. चकत्या वाचल्या असतील.

आता दुसरं. हिवाळ्यात धुकं होतं आणि विमान उतरलं नाही, मी धावपट्टीच्या वरूनच परत फिरले. तिकडे त्यांना पुरलं आणि मी इथे भांडी घासत होते. आता बाळ घेऊन ये म्हणतेस. त्यांच्याशिवाय त्या घरात पाऊल कसं टाकू? म्हणून नावाचं लिहीत नाही.

ओकालीना


कुस्कोक्विमकाठ,
३० जुलै १९८८

चि. ओकालीना, आशीर्वाद राहू देत, आधी बातमी ऐक!

सीलचं तेल! काडी नाकाशी नेली आणि मला जेवणाची आठवण झाली. दारापाशी आजोबांचा कोपरा आहे ना, त्यांचं स्टूल आणि इंजिनाच्या तेलाचा डबा. ते होते तोवर तिथे कुणी हात लावत नसे. वसंतात माझं सीलचं तेल कढवून झालं आणि डबे अपुरे पडले. त्यांचा डबा रिकामाच होता, मी तो घासूनपुसून त्यात भरलं आणि सवयीने पुन्हा त्यांच्याच जागी ठेवला. भावोजींनीही सवयीने तिथूनच उचललं. वासही आला नाही म्हणतात, सर्दी होती. आता गावभर सांगते, भावोजींच्या हातचं जेवण यंत्रालासुद्धा पचत नाही. भावोजी म्हणाले, वहिनी, तुमच्या सैपाकाने आमचा भाऊ बिचारा इतकी वर्षं घसरत चालला, कुणाला कळलं नाही.

तू सांगितलंस तसं तेल काढलं, भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. आणि मी एकटी बसले, पुढे, हँडल धरून. टेकाडाशी आले आणि वेग दिला. इंजिन एकदा गुरगुरलं आणि चाकांनी जमीन धरली. चढले गं! इतकी वर्षं मी मागे बसायची, तो रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता, आजोबांची पाठच पाहिली होती. रस्ता चांगला आहे. पाठ जास्त चांगली होती.

फळं गळायला लागली होती, पण खालच्या ओलीत टिकलेली मिळाली. बादली भरून आणली, थंडाव्यात ठेवलीय.

आणि तू लिहितेस, त्यांच्याशिवाय पाऊल कसं टाकू. अगं वेडे, त्यांच्याशिवाय ये असं कोण म्हणतंय? त्यांना घेऊनच ये.

आजी


अँकरेज,
१४ ऑगस्ट १९८८

ती. आजीला आम्हा दोघींचा नमस्कार.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिने डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हटलं, बरं बरं, सैल करते. दुपट्यात फार आवळून गुंडाळलं होतं. मग आठ्या गेल्या. रॉनने विचारलं, कुणाशी बोलतेस? मी सांगितलं, आजोबांशी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला विमानात बसू. नाव देताना पाणी तू शिंपडायचंस आणि नाव तू उच्चारायचंस. तोवर मी मोठ्याने म्हणत नाही, तिच्या कानातच म्हणते.

ओकालीना


कुस्कोक्विमकाठ,
२१ ऑगस्ट १९८८

अहो,

पत्र ओकालीना वाचून दाखवेल, तुम्ही दूध पिता पिता ऐका.

आलात म्हणे. मुलगी होऊन आलात, बरं केलंत, आता तरी मासे चिरायला शिकाल. तुम्ही गेलात त्यानंतर बर्फ फार पडला. जाळं दोन ठिकाणी फाटलं, ते मी बांधलं, गाठी तुम्हाला आवडणार नाहीत. तुमचा कोपरा आवरून ठेवलाय, तेलाच्या डब्यावर खूण केलीय. तुमचे मामेभाऊ रोज दारात येऊन विचारतात, विमान कधी? थट्टेला जोडीदार नसल्यामुळे माणूस पार वाळला हो. म्हणतात, इतक्या दिवसांचे टोमणे साठलेत, लवकर यायला सांगा. परवा तुमचं नाव काढून हसले आणि हसता हसता बाहेर निघून गेले.

विमान उतरेल तिथे मी तीनचाकी घेऊन उभी असेन. धुकं आलं तर दुसऱ्या दिवशी उभी असेन. तुम्हाला दात नाहीत, तेव्हा आकुतक बोटाला लावून ओठांवर टेकवीन, बाकीचं गाव खाईल. मला ओळखलं नाहीत तरी चालेल. मी ओळखेन.

लोभ वाढावा असं मी लिहीत नाही. होता तेवढाच घेऊन या.

तुमची,
नास्तासिया