रिकाम्या ओळींबद्दल वैशालीताईस

डिलाईल रोड,
मंगळवार

प्रिय वैशालीताई,

सप्रेम जयभीम.

तू, भाऊजी आणि नील नाशकात मजेत असाल. नीलचा पुढचा दात पडला की अजून हलतोच आहे? (आई सांगते, दोरा बांधून ओढू नका, आपसूक पडेल.) तुझी कंबर कशी आहे? आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे तब्येतीने. फोन केला असता, पण चाळीत फोनवर बोललेलं नाशिकला पोचायच्या आधी शेजारच्या खोलीत पोचतं, आणि शेजारच्या खोलीत तुझेच आईवडील, म्हणजे आमचे मामा-मामी, राहतात. हे त्यांच्याबद्दलच आहे, म्हणून कागद घेऊन बसले.

जयंतीच्या कार्यक्रमात मामांचं गाणं बिघडल्याचं तुझ्या कानावर आलं असेल. ते खरं आहे आणि चूक माझी आहे. (वैभव म्हणतो, निम्मी त्याची. तो माझ्या ऑफिसात शेजारी बसतो, लालबागचा आहे, मनाने चांगला आहे. पण टाइप मी केलं होतं, तेव्हा त्याला यात ओढणं बरोबर नाही.)

मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून जुन्या कागदांवरचं पेन्सिलचं अक्षर त्यांना दिसेना. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, माये, आपल्या घरात शिकलीस ती तू, मंडळाची गाणी मोठ्या अक्षरात करून दे. आता हे वाक्य कोणी म्हटलं की मी साधं कामही दुप्पट अवघड करून करते, कारण पुढे जे बिघडेल ते एकटीचं बिघडत नाही, शिक्षणाचंच बिघडतं. म्हणून साधं टाइप न करता मी ऑफिसच्या पद्धतीने करायचं ठरवलं. आमचं ऑफिस हिंदमाताला, साड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, आणि आम्ही त्याच साड्यांचे कॅटलॉग बनवतो. त्यासाठी एक्सएमएल लागतं. एक्सएमएल म्हणजे मांडणीवरचे नावं लिहिलेले डबे समज. गाण्याचा डबा, त्यात कडव्याचा, त्यात एकेका ओळीचा. आणि एक्सएसएलटी म्हणजे कुठल्या डब्यातलं ताटात कसं वाढायचं त्याच्या सूचना. एकदा डबे भरले की त्यातूनच मोठ्या अक्षराचं पान निघतं, मोबाइलवर वाचायचंही निघतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग गाणं कुठे आहे? (तेव्हा मी हसले होते.)

पहिल्यांदा पान काढलं तर एका गाण्याची तीन पानं झाली. दोन ओळींमध्ये रिकाम्या ओळी, कडव्यांमध्ये तर अख्खं मैदान. मामांचे दोन्ही हात पेटीवर असतात, पानं उलटणार कोण? मी घाबरून वैभवला दाखवलं. तो म्हणाला, "गो बाय, तू डबे नीट मांडण्यासाठी मध्ये एंटर मारलेत ना, ते एंटरपण वाढतोय तो. वर स्ट्रिप-स्पेस टाक, सगळा साफ." म्हणजे वाढपी इतका प्रामाणिक की दोन डब्यांमधली मोकळी जागासुद्धा ताटात वाढत होता. (मला त्याच्याबद्दल आपुलकीच वाटली.) ती एक सूचना टाकली आणि खरंच बहुतेक रिकाम्या ओळी गेल्या. पण काही राहिल्या, आणि त्या नेमक्या मामांच्या सवालाच्या गाण्यात, प्रत्येक सवालाखाली एक. त्या डब्यांमधल्या नव्हत्या. ते डबेच रिकामे होते, आणि ते मीच ठेवले होते, कारण मामांच्या जुन्या कागदावर तिथे जागा सोडलेली होती आणि मी जे दिसेल ते इमानाने उतरवलं होतं. ऑफिसात असं झालं तर नियम पक्का आहे. साडीला ब्लाऊजपीस नसेल तर ब्लाऊजपीसची ओळ छापायची नाही. मी तोच नियम लावला. डबा रिकामा, ओळ बंद. गाणं एका पानात बसलं. मी ते पान कार्यक्रमाच्या दिवशीच मामांना दिलं आणि इतकी खूश होते की दोनदा जेवले.

ताई, तुला ते गाणं माहीत आहे. मामा सवाल करतात, "सांग गं बाई, अंगठ्याची सही कशी झाली," आणि मामी जबाब देते, "रात्रशाळेच्या दिव्याखाली." पण मामांनी भर माइकवर "हिचा आवाज बसलाय" असं म्हटल्यापासून मामी स्टेजवर चढलेली नाही, हेही तुला माहीत आहे. मला मात्र हे माहीत नव्हतं की तेव्हापासून मामांनी तो जबाब दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. ते सवाल करतात, थांबतात, धम्मपाल ढोलकी वाजवत राहतो, आणि मग पुढचा सवाल. मला वाटायचं मामा घाम पुसायला थांबतात. ती रिकामी ओळ मामीची होती.

त्या दिवशी मामांनी पहिला सवाल केला आणि लगेच दुसरा, आणि लगेच तिसरा. धम्मपालची ढोलकी सवयीने मागच्याच सवालाच्या जबाबासाठी वाजत राहिली होती. लोकांना वाटलं माइक बंद करायला पोलीस आले म्हणून गाणं आवरताहेत. मामी तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली. म्हणाली, "अहो, जबाब तरी येऊ द्या." आणि माइक नसताना तिथूनच गायली. आवाज खरंच बसलेला होता, पण मागच्या खुर्चीपर्यंत गेला. मामांचे हात पेटीवर थांबले. मग त्यांनी पहिल्यापासून सवाल केले, एकेक, थांबून, आणि मामीने उभ्या उभ्या सगळे जबाब दिले. टाळ्या पडल्या. मामी खाली बसली आणि कार्यक्रम संपायच्या आधी घरी गेली.

मला वाटलं आता सगळं मिटेल. पण ते दोघं एकमेकांशी त्यावर एक शब्द बोललेले नाहीत, आणि माझ्याशी एकेकदाच बोललेत. मामी नळावर म्हणाली, "माझी जागाच काढलीस होय गं?" आणि मामा पान घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "गाणं मला पाठ आहे. पण शिकलेल्या पोरीने लिहिलंय, विचार करूनच काढलं असेल, असं वाटलं."

मामीचं मी सोसलं असतं. मामांचं सोसवत नाही. दोघांची मनापासून माफी मागायची आहे, पण शब्द जुळत नाहीत. तू त्यांची मुलगी आहेस, माझ्या वतीने तू सांग, एवढ्यासाठी हे लिहिलं. नीलला पापा. भाऊजींना जयभीम.

तुझी,
माया

ता. क. — खरं म्हणजे एवढ्यासाठी नाही. काल मामा आले, म्हणाले, पान पुन्हा काढ, जागा सोडून. किती सोडू विचारलं तर म्हणाले, तिला लागेल तेवढी. संध्याकाळी मामी आली, म्हणाली, मला वेगळं पान दे, माझे जबाब मोठ्या अक्षरात, आणि त्यांना कळू देऊ नकोस. दोन्ही पानं तयार आहेत. मामांच्या पानात जबाब कोरे, मामीच्या पानात सवाल कोरे. पुढचा कार्यक्रम फणसवाडीत आहे आणि "तालीम करू या" हे आधी कुणी म्हणायचं यावर दोघं अडलेत. तेव्हा तू दोघांना वेगवेगळा फोन करून एवढंच सांग की पान न्यायला रविवारी अकरा वाजता मायाकडे जा. मी सांगितलं तर मला दुसऱ्याचंही सांगावं लागेल, लपवणं मला जमत नाही. तुला लहानपणापासून जमतं.

ता. क. २ — वरचं बरोबर उतरलंय का म्हणून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दार उघडं होतं. आत्ताच मामी गॅलरीतून जाताना थांबली आणि म्हणाली, "मी अकराला येते. त्यांना साडेदहाला बोलाव, पेटी लावायला वेळ लागतो त्यांना." आता तुला फोन करायची गरज उरलेली नाही, आणि माफीचंही मामीने ऐकलंच. तरी पत्र टाकते, कारण नीलच्या दाताचं अजून कळलेलं नाही.