उटण्यातले निळे दाणे

११ ऑक्टोबर २००८

बोरगाव मेघेला जाऊन आले. प्रमिलाबाईंच्या बचत गटाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली आहे — भूपेंद्रच्या दुकानासाठी दिवाळीचं उटणं. रविवारच्या पुरवणीत त्यावर लिहायचंय, मजकूर शुक्रवारी दुपारपर्यंत.

परातीत हळद, चंदन, संत्र्याच्या सालींचा भरडा. आणि बारीक निळे दाणे! हे काय म्हणून विचारलं.

प्रमिलाबाई — "भूपेंद्रभाऊनं देल्ले. मोठ्या कंपनीच्या क्रीममंदी असतेत म्हणे. पोरीइले खरखर लागली का वाटते, मळ निघून राह्यला."

कशाचे आहेत?

"ते नाई पुसलं ताई. साखरेसारखे इरघळत असतीन."

गटातल्या सगळ्यात वयस्कर वच्छलाबाई हसल्या. "आंघोळीच्या वक्ती डोये मिटलेले. इरघळले का नाई, कोन पाहाले जाते?"

पाकिटावर छापलंय — शुद्ध नैसर्गिक.

१२ ऑक्टोबर

चिमूटभर दाणे पुडीत बांधून आणले होते. रात्री वाटीभर पाण्यात टाकले. सकाळी जसेच्या तसे, वर तरंगत. उरलेले जुन्या तव्यावर टाकले तर वितळले. कॅरीबॅग जाळल्याचा वास घरभर.

१३ ऑक्टोबर

रक्षाला फोन केला. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. म्हणाली, प्लॅस्टिकच आहे. अंगाला लावून लगेच काही होणार नाही, पण न्हाणीतून नालीत, नालीतून नदीत. तिथे कुजत नाही. मासे खातात.

आता प्रमिलाबाईंना सांगणं आलं. सगळा माल कालवून झालाय. भूपेंद्र शनिवारी उचलणार. नाही मिळाला तर नागपूरहून तयार उटणं मागवेल, आणि पुढच्या वर्षी या बायकांना विचारणारही नाही.

१४ ऑक्टोबर

सांगितलं. प्रमिलाबाईंनी चिमूटभर उटणं तळहातावर घेऊन दाणे निरखले. नेमका भूपेंद्र तिथेच आला.

"ताई, तुम्ही पेपरवाले दिवाळीतबी सुतक आणता. कोनाले दिसून राह्यलं का ते?"

प्रमिलाबाई म्हणाल्या, "मले दिसून राह्यलं. पाकिटावर आमच्या गटाचं नाव हाये भाऊ, तुमचं नाई."

तो म्हणाला, शनिवार म्हणजे शनिवार. दाणे असोत का नसोत.

१६ ऑक्टोबर

दोन दिवस बायका चाळतायत. मलमलीतून पीठ खाली उतरतं, वर सालींचा भरडा आणि दाणे एकत्र राहतात. मग तो भरडा सुपात घोळायचा. सूप तिरकं धरून हलवलं की गोल दाणे घरंगळून खाली येतात, चपट्या साली मागे राहतात. दाण्यांचा रंग आता निळा नाही — हळदीने पिवळे झालेत.

वच्छलाबाईंचा हात सगळ्यांत चपळ. मलाही एक सूप दिलं. थोड्या वेळाने काढून घेतलं. "ताई, तुमी लिवा. आमाले परत चाळा लागन."

१७ ऑक्टोबर

मजकूर वेळेत दिला. शेवटचं वाक्य — 'या बायकांनी प्लॅस्टिक नदीपर्यंत पोचू दिलं नाही.' डेस्कवरून फोन आला, मथळा त्यातूनच घेतोय म्हणे. बरं झालं. माझे मथळे नेहमी लांब होतात.

१८ ऑक्टोबर

माल गेला. भूपेंद्रने एक पाकीट फोडून तळहातावर चोळून पाहिलं. "साधंच वाटून राह्यलं." पण घेतला.

१९ ऑक्टोबर

पुरवणी आली. चार कॉलम, वर फोटो. मथळा — 'नदी वाचवणारं उटणं'. दुपारपर्यंत भूपेंद्रने हे पान दुकानाच्या काचेवर चिकटवलं होतं. प्रमिलाबाईंचा फोन: पिपरी मेघेच्या बायका विचारत आल्या, अजून बनवणार का. आवाज ऐकून मलाच हलकं वाटलं.

२१ ऑक्टोबर

रक्षाला ते दाणे वर्गात दाखवायला हवेत, म्हणून बोरगावला गेले. चाळून काढलेले दाणे ठेवलेला डबा रिकामा.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "वच्छलाबाईनं नेले. हळद-चंदनाचं हाये, उकिरड्यावर कसं टाकाव म्हणे. काल पवनारले गेलती, निर्माल्यासारखे धाम नदीत शिरवून आली. हात बी जोडले म्हणे."