अक्षर बापाचं, बोलणं माझं

ता. ९ मार्च

चिरंजीव भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

तुला एक आजी होती, आठवतं का? तिला अजून कुणी नेलेलं नाही. तोंडाचं बोळकं झालंय, पण जीभ शाबूत आहे. टेनिसमध्ये समोरचीची सर्व्हिस कुठे पडणार हे तुला आधीच कळायचं म्हणे, आणि दीड महिना आजीला चिठ्ठी नाही हे कळत नाही!

अक्षर ओळखलंस ना? तुझा बापच लिहितोय. स्वतः टेनिस खेळायचं सोडून तू पोरांना ते शिकवायला लागलीस, तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही. पण आईचं पत्र लिहायला नाही कसं म्हणेल? शिवाय लिहून झालं की शेजारच्या शिंपीणबाईंकडून मी सगळं वाचून घेते, त्यामुळे गाळायचीही सोय नाही.

पुढच्या खोलीतल्या त्याच्या यंत्रावर आठ महिने चादर आहे. अठरा वर्षं तुझ्या रॅकेटच्या तारा त्यानेच ओढल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता मी त्यावर मोजे वाळत घालते. छान वाळतात.

तुझी बारा पोरं काय म्हणतात? नेटमध्ये चेंडू मारणारा तो जाड्या सुधारला का? त्याला रागावू नकोस. तूही पहिलं वर्षभर नेटच झोडपत होतीस.

आता खरं सांगते. (लिही रे, थांबू नकोस.) खेळ सोड, असं तुला मीच सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा केस विंचरायला तुझा उजवा हात वर जात नव्हता. वेणी मी घातली. "बाबांना बोलू नकोस," म्हणालीस. नाही बोलले. तो मात्र समजून बसला, की पोरगी हरायला घाबरून पळाली. तरी मी गप्प. एवढी म्हातारी झाले, पण पोटच्या पोराच्या रागाला भ्यायले.

इथे पेन थांबलं. (हेही लिही रे, सगळं.)

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

त्याने चष्मा पुसला. स्वच्छच होता. मग म्हणाला, "तिला विचार, पोरांच्या रॅकेटच्या तारा किती ताणून घेते. लहान हात आहेत. जरा सैल ठेव म्हणावं. खांदे जातात."

"तूच विचार की."

"लिहितोय ना मी!"

बघ, हा असा आहे.

ता. १०

काल पत्र अर्धंच राहिलं. आज सकाळी उठले, तर माझे मोजे घडी करून खुर्चीवर. चादर निघालेली, आणि तुझा बाप यंत्राला तेल देतोय. पोरांच्या रॅकेटी इकडेच पाठव, असं तो म्हणतोय. मी म्हटलं, हे माझ्या नावावर खपवू नकोस.

खालचा अंगठा माझा. बाकी सगळं त्याच्या हातचं.

ता. क. मागच्यासारखी आल्याची बिस्किटं पाठव. मी चहात बुडवून खाते, त्याला कोरडीच लागतात. डब्यावर नाव त्याचं घाल, तुझ्या हातानं.